सुतक कुणाला लागतं?

समलिंगी किंवा पारलिंगी माणसांच्या आयुष्यावरचा मराठी चित्रपट आला की चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक गट म्हणतो, विषय धाडसी आहे खरा, पण आपला समाज अजून तयार नाही. दुसरा म्हणतो, काही का असेना, विषय पडद्यावर आला, लोकांना दिसला, हेच मोठं झालं. हे दोघे एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच असते: ही माणसं आजवर आपल्या पडद्यावर नव्हती, आता कुठे दिसू लागली आहेत. हे मुळातच चूक आहे, आणि ते चूक असल्यामुळे पुढची सगळी चर्चा उथळ होते.

माझं म्हणणं असं आहे. बाई आणि पुरुष या दोन रकान्यांत न मावणारी माणसं मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर अगदी पहिल्यापासून आहेत. आपण त्यांना टाळ्या दिल्या, नमस्कार केले, त्यांना हसलो, त्यांच्यासाठी हळहळलोही. फक्त त्यांच्या जागा नेमून दिल्या: रंगमंच, देवस्थान, आश्रम आणि विनोद. घर मात्र दिलं नाही. घर म्हणजे नुसत्या चार भिंती मी म्हणत नाही. रेशनकार्डावरचं नाव, सोयरिकीच्या बोलण्यातली जागा, पंगतीतलं पान आणि माणूस गेलं की लागणारं सुतक, हे सगळं मिळून घर होतं. म्हणून अशा चित्रपटाकडे पाहताना तो किती धाडसी आहे हे मी शेवटी विचारीन. आधी विचारीन, त्याने आपल्या माणसाला उभं कुठे केलंय?

१. सुरुवात इथेच झाली, नाशिकला

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीच्या कामाला त्यांना बाई मिळेना. ज्यांना समाजाने आधीच वेशीबाहेर काढलं होतं त्या वस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात. ज्या देहासमोर वहाणा निघाल्या तोच देह पुढच्या दृश्यात अशोकवनात लुगडं नेसून बसला होता, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं आणि ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, नंतरच्या कमलाबाई गोखले, या मायलेकी त्यात होत्या. आपल्या चित्रपटात काम करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमलाबाई मोहिनी. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. आपल्या पडद्यावर बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या वाट्याला आलेली भूमिका बाई झालेल्या पुरुष देवाची होती. लिंगभावाचा प्रश्न बाहेरून आला, परदेशी चित्रपटांनी किंवा ओटीटीने आणला, असं म्हणणाऱ्यांनी आधी हा इतिहास डोळ्यांखालून घालावा.

मात्र यावरून ‘आपली परंपरा किती उदार!’ असा निष्कर्ष काढणंही तितकंच वरवरचं आहे. साळुंक्यांचं लुगडं चाललं, कारण ते काम संपल्यावर उतरणार होतं.

२. नेमून दिलेल्या जागा

रंगमंच. बालगंधर्वांच्या साड्या आणि दागिने पाहून घरंदाज बायका आपली नेसण्याची तऱ्हा बदलत. रवी जाधव यांनी 2011 मध्ये ‘बालगंधर्व’ काढला, तेव्हा सुबोध भावे यांच्या त्या रूपाचं घराघरांत कौतुक झालं. ते योग्यच होतं. पण त्याच घरातला मुलगा आरशासमोर आईची साडी खांद्यावर घेऊन उभा राहिला, तर कौतुक तिथेच थांबतं.

देवस्थान. हे नाशिककरांना समजावून सांगायची गरज नाही. कोजागरीला सप्तशृंगी गडावर तृतीयपंथीयांचा मोठा मेळा भरतो. नांदुरीपासूनचा घाट गाड्यांनी भरून जातो. गडावर हळदीकुंकवाने भरलेली कपाळं, ठेवणीतल्या साड्या, हातात परड्या, आणि वाटेत त्यांच्या पाया पडणारी कुटुंबंच्या कुटुंबं. कुणी लेकराला पुढे करतं, कुणी आशीर्वादाचा रुपया देव्हाऱ्यात ठेवायला मागून घेतं. या श्रद्धेला मी ढोंग म्हणणार नाही, ती खरी आहे. पण त्या रात्री पाया पडणारा माणूस आपली रिकामी खोली त्यांना भाड्याने देत नाही, हेही तितकंच खरं आहे. देवीच्या दारात मान मिळतो आणि तिथेच संपतो.

आश्रम आणि वसतिगृह. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ 1982 चा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिथे दोन आश्रमवासी स्त्रियांमधलं नातं उघड होतं. समितीला तो कलंक वाटतो आणि सुलभाला आजार. त्या काळात एवढं दाखवणं मोठंच होतं, पण सहानुभूती असणारी नायिकाही त्या दोघींकडे रुग्ण म्हणूनच पाहते. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 चं. तिथली मित्रा कॉलेजातली आहे. तिला भोवताली मित्र आहेत, वर्ग आहे, नाटक आहे, आणि शेवटी मरण आहे. ‘उंबरठा’ची पटकथाही तेंडुलकरांचीच. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आपल्या कलाकृतींत आली ती कुटुंबाबाहेरच्या इमारतींतून आली.

विनोद. ‘अशी ही बनवाबनवी’ मी आजही मन लावून पाहतो. 1988 पासून हा चित्रपट मराठी घरांत पाठ आहे. त्यातला पेच मात्र आपण नीट पाहत नाही. बिऱ्हाड मिळण्याची अट लग्नाची आहे. चार पुरुषांना एका छताखाली राहायचं असेल तर त्यातल्या दोघांना बायको व्हावं लागतं. घर फक्त नवरा-बायकोच्या जोडीलाच मिळतं, हा सामाजिक नियम या विनोदाइतका स्पष्ट कुठल्याही गंभीर चित्रपटाने सांगितलेला नाही. आपण हसतो, कारण नियम सगळ्यांना ठाऊक आहे.

३. आपण नेमकं कुणासाठी रडलो?

आता थोडं कडू बोलतो. या विषयावरचे आपले सर्वांत गौरवलेले दोन चित्रपट ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’.

‘जोगवा’ नाशिकच्या राजीव पाटील यांचा. 2013 मध्ये वयाच्या चाळिशीतच ते गेले, ही या शहराची आणि मराठी चित्रपटाची फार मोठी हानी. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांच्यावर हा चित्रपट उभा आहे. सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तायप्पा साकारणाऱ्या उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. तायप्पाच्या आजाराला देवीचं बोलावणं समजून त्याला लुगडं नेसवून जोगता केलं जातं. सुलीच्या केसांत जट निघते आणि तिला देवीला सोडतात. दोघं एकमेकांवर प्रेम करू लागतात आणि त्या प्रेमाच्या बळावर प्रथेचा फास तोडायला निघतात.

प्रथेविरुद्धचा चित्रपट म्हणून ‘जोगवा’ थोर आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तायप्पाचं दुःख काय आहे? तो पुरुष आहे आणि त्याला पुरुष म्हणून जगू दिलं जात नाही. त्याची सुटका लुगडं फेडण्यात आहे. त्याच ताफ्यात असे जोगते असतात ज्यांना ते लुगडं फेडायचं नसतं, ज्यांना देवीच्या निमित्ताने का होईना आपल्या मनाजोगतं नेसायला मिळालेलं असतं. त्यांची गोष्ट पार्श्वभूमीला राहते.

‘नटरंग’मध्येही तेच. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा पीळदार अंगाचा गडी. तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो, आणि गाव त्याला बायल्या ठरवून चिरडतं. अतुल कुलकर्णी यांनी जे शरीर उभं केलं आणि मग जे वितळवून दाखवलं, त्याला तोड नाही. पण प्रेक्षकाचं काळीज पिळवटतं ते ‘अरे, हा तसा नाही हो!’ म्हणून. मग जो खरोखर ‘तसा’ आहे, त्याच्यावर तीच माणसं तोच अत्याचार करतील तेव्हा आपले डोळे भरतील का? या प्रश्नापाशी चित्रपट येत नाही. दोन्हीकडे आपली करुणा गैरसमजाला बळी पडलेल्या पुरुषासाठी राखून ठेवली गेली. ज्याच्याबद्दल काहीच गैरसमज नव्हता, तो आहे तसाच होता, त्याच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही.

४. कॅमेरा घरात शिरतो तेव्हा

घरात शिरण्याचा पहिला जाणता प्रयत्न अमोल पालेकर यांनी केला. लिंगभाव आणि लैंगिकता यांवर त्यांनी ‘दायरा’, ‘अनाहत’ आणि ‘थांग’ असे तीन चित्रपट केले, त्यातला ‘थांग’ 2006 चा. सुखवस्तू संसार, आणि नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम असल्याचं बायकोला कळतं. मृणाल कुलकर्णी यांच्या चेहऱ्यावरून आपण तो आघात वाचतो. प्रश्न अखेर दिवाणखान्यात आला. पण घर बायकोचं राहिलं आणि तो पुरुष त्या घरावर कोसळलेली आपत्ती. पुढे 2023 मध्ये मल्याळममध्ये ‘कादल – द कोर’ आला. त्यात मामूट्टीसारखा नट पंचायतीच्या निवडणुकीला उभा असलेला समलिंगी नवरा झाला. तिथे बायको घटस्फोट मागते तो स्वतःसाठी आणि त्याच्यासाठीही. घरातलं प्रत्येक माणूस एकाच वेळी दुखावलेलं आणि एकमेकांचं असू शकतं, हे त्या चित्रपटाने दाखवलं.

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त लागायला हवं. रामचंद्र सिरस नागपूरकडचे, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. ‘पाया खालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत. फेब्रुवारी 2010 मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसले आणि विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. वास्तविक जुलै 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिलेला होता. 1 एप्रिल 2010 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले.

हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’ने 2016 मध्ये पुन्हा कॅमेरा त्याच घरात नेला, पण वेगळ्या रीतीने. मनोज वाजपेयी खुर्चीत बसलेत, हातात पेला, लताबाईंचं जुनं गाणं लागलंय, आणि कॅमेरा नुसता थांबलाय. ते स्वतःशीच गुणगुणतात, डोळे मिटतात, हात हवेत थोडासा हलतो. काही घडत नाही, आणि मिनिटामागून मिनिट जातं. घुसखोरांच्या कॅमेऱ्याने त्यांचं घर हिसकावलं होतं, या कॅमेऱ्याने ते परत दिलं. एका मराठी कवीच्या मराठी एकटेपणाची ही गोष्ट आपल्याला हिंदीकडून घ्यावी लागली, याची खंत मला आहे.

५. दहा दिवसांचं घर

नाशिकहून पुणे रस्त्याने सिन्नर ओलांडलं की संगमनेर. त्या भागातल्या खेड्यात रोहन परशुराम कानवडे यांनी ‘साबर बोंडं’ चित्रित केला. 2025 च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. बातम्या पारितोषिकाच्याच झाल्या. मला महत्त्वाची वाटते ती त्याने निवडलेली वेळ.

वडील वारलेत. मुंबईत राहणारा आनंद आईसोबत गावी येतो, दहाव्यापर्यंत थांबायला. सुतकाचे नियम आहेत. पायात काही घालायचं नाही, काय खायचं आणि किती वेळा हेही ठरलेलं. आल्यागेल्याचं येणं चालू आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी तोच प्रश्न: लग्न का नाही केलं? नातेवाइकांना सांगायला एक प्रेमभंगाची कहाणी तयार ठेवलेली आहे. आईला खरं काय ते ठाऊक आहे. आणि याच दहा दिवसांत लहानपणीचा सोबती बाळ्या, शेळ्या राखणारा, लग्नाच्या तगाद्याने तोही मेटाकुटीला आलेला, पुन्हा जवळ येतो.

सुतकाचे हे दिवस म्हणजे घराची हजेरीच असते. कोण आपलं, कोण किती आपलं, याचा हिशेब तेव्हा होतो. भाऊबंदांना दहा दिवस, लग्न होऊन गेलेल्या लेकीला तीन, शेजाऱ्याला काहीच नाही. रामकुंडावर दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणारी मंडळी बघावीत. कोण पुढे उभं आहे आणि कोण मागे, यावरून अख्खं नातं कळतं. या हजेरीत वीस वर्षं सोबत राहिलेल्या जोडीदाराचं नाव नाही. त्याला सुतक लागत नाही. रूढी त्याला ओळखत नाही, आणि 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता न दिल्यामुळे कायदाही नवरा किंवा बायको म्हणून ओळखत नाही. कानवडे यांनी आपला नायक नेमका या वेळेत उभा केला, आणि त्याला घराबाहेर काढलं नाही. तो अनवाणी, सगळे नियम पाळत घरातच आहे. तो मुलगा आहे, आणि तो तसा आहे. चित्रपट या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेही ‘पण’ घालत नाही.

कानवडे स्वतः वडिलांच्या सुतकात गावी राहिले होते, तिथूनच ही गोष्ट निघाली, असं त्यांनी सांगितलं आहे. त्यामुळे त्यात भाषणं नाहीत. पार्श्वसंगीताने आपल्याला कुठे रडायचं तेही सांगितलेलं नाही.

६. आक्षेप

‘याला समलिंगी चित्रपट कशाला म्हणायचं? ही तर सगळ्यांचीच प्रेमकथा.’ हे कौतुक चांगल्या मनाने केलं जातं, म्हणूनच ते खोडायला जड जातं. पण सगळ्यांच्या प्रेमकथेत दोघांना लग्नाचा पर्याय असतो. आनंद आणि बाळ्या यांच्या प्रत्येक भेटीवर तो नसल्याचं ओझं आहे. ते ओझं काढून टाकून चित्रपट सगळ्यांचा करणं म्हणजे त्यातला घराचा प्रश्नच गाळणं.

‘समाज तयार नाही.’ डिसेंबर 1998 मध्ये दीपा मेहता यांच्या ‘फायर’वरून मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले झाले. ‘उंबरठा’तल्या त्या प्रसंगावरून कुठे काचा फुटल्याचं कुणाला आठवत नाही. फरक कशात होता? ‘फायर’मधल्या दोघी एकत्र कुटुंबातल्या जावा होत्या, एकाच स्वयंपाकघरात राबणाऱ्या. समाज बघायला केव्हाच तयार होता आणि आहे. त्याची हद्द घराच्या दाराशी आहे, आणि ती हद्द चित्रपटाने न ओलांडता आपोआप सरकत नाही.

‘पारलिंगी नट मिळत नाहीत.’ 1913 मध्ये बायका मिळत नव्हत्या. त्यानंतर लगेचच नाशिकच्या फाळक्यांना मायलेकी मिळाल्या. ‘लंका दहन’मध्ये सीता पुन्हा पुरुषानेच केली हे खरं, सवय एका चित्रपटाने सुटत नाही. पण टंचाई बायकांची नव्हती, दार बंद होतं. ‘कारभारी लयभारी’सारख्या रोजच्या मालिकेत गंगाच्या भूमिकेला पारलिंगी कलावंत मिळाली, तेव्हा चित्रपटाला मिळत नाही हे कारण टिकत नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मला खरोखर विचारात पाडतो: ‘घर, घर काय करता? याच घरांनी त्यांना मारलं, कोंडलं, जबरदस्तीने लग्नं लावली. घरातून पळाले म्हणून तर ते वाचले.’ हे खरं आहे. रक्ताच्या घराची आरती करणं हा माझ्या म्हणण्याचा अर्थ होत असेल, तर ते म्हणणं मी मागे घेईन. पण पळालेली माणसं जातात कुठे? तृतीयपंथीयांची जमात म्हणजे दुसरं घरच आहे. तिथे गुरू आहे, चेले आहेत, गुरूबहिणी आहेत, घराणी आहेत. आजारपणात कुणी उशाशी बसायचं हे ठरलेलं आहे, कमाईची वाटणी आहे, रुसवेफुगवे आणि दंडही आहेत. गुरू गेला की चेले शोक पाळतात. हे सगळं आपल्या चित्रपटाने कितीदा दाखवलं? सिग्नलवर टाळी वाजवणारी माणसं दिसतात, दिवसाअखेर ती परततात ती खोली दिसत नाही. शंतनू रोडे यांच्या ‘जयजयकार’ने 2014 मध्ये तिकडे पाऊल टाकलं होतं, पण ती वाट पुढे रुंदावली नाही. स्त्री म्हणून जन्मलेल्या आणि पुरुष म्हणून जगणाऱ्या माणसाचं घर तर मराठी पडद्यावर मला आठवतच नाही.

कायदा या बाबतीत चित्रपटाच्या एक पाऊल पुढे गेला आहे. 2024 मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलं की रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं. आरोग्य मंत्रालयानेही राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. तहसील कचेरीच्या खिडकीवर दोघी जणी एक अर्ज घेऊन उभ्या आहेत आणि ‘कुटुंबप्रमुखाशी नातं’ या रकान्यात काय लिहायचं यावर पुरवठा विभागातला कारकून, रांगेतली माणसं आणि त्या दोघी बोलताहेत, एवढ्यावरही पूर्ण लांबीचा चित्रपट होईल.

2027 च्या सिंहस्थाला नाशिक-त्र्यंबकच्या घाटांवर जगभरचे कॅमेरे येतील. साधूंच्या मिरवणुकीत तृतीयपंथी साध्वी दिसल्या तर सगळे तिकडे वळतील, आणि पुन्हा एकदा देवस्थानाचीच चौकट भरून निघेल. पंचवटीत, द्वारकेजवळ, सातपूरला खोली घेऊन राहणारी तीच माणसं, त्यांचं भाडं, त्यांची चूल, त्यांच्यातलं कुणी वारलं की अमरधामात कुणी पुढे व्हायचं यावरून होणारी ओढाताण, हे टिपायला मात्र बाहेरून कुणी येणार नाही. ते काम इथल्या, ही बोली बोलणाऱ्या, हातात कॅमेरा असलेल्या पोरापोरींनाच करावं लागेल.